किल्ली कोणाच्या हातात?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आजच्या शिबिराचा विषय 'बाई आणि मालमत्ता' असा आहे. सकाळपासून घरावर नाव, सातबाऱ्यावर नाव, वारसाहक्क यांवर पुष्कळ बोलणं झालं. घर नावावर आहे म्हणून हात वर करणाऱ्या सात-आठजणी निघाल्या. जमीन नावावर असणाऱ्या तीन. मग चहाच्या सुट्टीत मी सहज विचारत फिरले, 'दाराशी गाडी उभी आहे ती कोणाच्या नावावर?' तर कितीतरी जणी म्हणाल्या, 'माझ्याच की! गटातून कर्ज काढलं ना.' मी विचारलं, 'चालवता येते का?' त्यावर सगळ्या हसल्या. 'मग चालवतं कोण?' 'पोरगं.' 'कितवीला आहे?' 'अकरावीला.'

मला या तीन उत्तरांबद्दलच बोलायचं आहे. गाडी बाईच्या नावावर, किल्ली पोराच्या खिशात, आणि पोराचं वय सोळा. मालमत्तेच्या शिबिरात गाडीचं काय काढलं, असं कोणाला वाटेल. पण आपल्यातल्या अनेकींच्या नावावर आयुष्यात लागलेली ही पहिली वस्तू आहे, आणि तिच्यापायी आपल्यावर काय येऊ शकतं हे आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात शिरूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या ताई माझ्याकडे कागद घेऊन आल्या. गटातून कर्ज काढून त्यांनी स्कूटर घेतली होती. दळण आणायला, दवाखान्यात जायला, आणि मुलीला कॉलेजला सोडायला म्हणून. मुलीला सोडायचं काम थोरल्या मुलाकडे आलं. मग मुलगी मागे पडली आणि गाडी मुलाची झाली. तो अकरावीला, वय सोळा वर्षं आणि काही महिने. एके दिवशी तिन्हीसांजेला डेअरीवरून पायी येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना त्याने उडवलं. बाबांचा पाय मांडीत मोडला. पोलिसांनी गाडीचे कागद पाहिले, तर नाव बाईचं. ताई मला म्हणाल्या, 'मॅडम, मला तर गाडी ढकलता बी येत नाही. मग मी काय केलं?'

प्रकरण 'आपसात मिटलं'. म्हणजे काय झालं? दवाखान्याचा खर्च भरायला ताईंचं डोरलं गहाण पडलं आणि एक म्हैस विकली. गावातल्या चार पुरुषांनी बसून हे ठरवलं. त्या बैठकीला ताई चहा द्यायला होत्या, बसायला नव्हत्या. म्हातारे बाबा अजून काठीशिवाय चालत नाहीत. आणि तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा पोराच्या हातात होती.

आता कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्यानुसार १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. एकच सूट आहे. ५० सीसीपर्यंतचं इंजिन असलेली दुचाकी १६ वर्षांनंतर चालवता येते, तीही परवाना काढून. पुष्कळ पालक सांगतात, 'बिनगिअरची आहे, सोळाला चालते.' तो गैरसमज आहे. आज आपल्या दारांत ज्या स्कूटर आहेत त्यांची इंजिनं १०० सीसीच्या वरची आहेत. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलासाठी ही सूट कागदावरच राहिली. घरी कोणी दुकानदाराने काहीही सांगितलेलं असो, गाडीच्या कागदावर सीसीचा आकडा असतो, तो वाचा.

२०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यात १९९-अ हे नवीन कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मालकाला सुटका एकाच रीतीने. हे आपल्या नकळत घडलं, किंवा ते होऊ नये म्हणून आपण सर्व काळजी घेतली होती, हे त्याने स्वतः सिद्ध करायचं. शिवाय विम्याचं पाहा. चालवणाऱ्याकडे परवाना नसेल, तर विमा कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन ते पैसे पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते.

मी या कलमाच्या विरोधात नाही. पोरांच्या हातात गाडी देणाऱ्या मोठ्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्या घरांत ते कसं लागू होतं ते बघा. गाडी घ्यायची की नाही, कोणती घ्यायची, किल्ली कोणाला द्यायची, यातलं काहीही बाईने ठरवलेलं नसतं. तिचं नाव लागतं कारण कर्ज बचत गटातून स्वस्त मिळतं. नाव लागलं म्हणजे हक्क आला असं आपण समजलो. प्रत्यक्षात जबाबदारी आली, हक्क आलाच नाही. सही आपली आणि सत्ता दुसऱ्याची, हे आपल्याला सरपंचपदापासून माहीत आहे. तेच आता गाडीच्या बाबतीत चाललं आहे.

तुम्ही म्हणाल, अशा गोष्टी शहरातल्या श्रीमंतांच्या घरी होतात. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे झालं ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातली महागडी पोर्शे गाडी, आणि मोटारसायकलवरून जाणारे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा आणि एक मुलगी, जागच्या जागी गेले. दोघंही मध्य प्रदेशातून इथे नोकरीला आलेले. त्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि अटींमध्ये एक अट होती, रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायचा. त्यावर देशभर संताप झाला. पुढे तपासात मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. त्याच्या जागी आईचं रक्त दिलं गेलं असं पोलिसांचं म्हणणं, आणि जून २०२४ मध्ये त्या आईला अटक झाली. खरं काय ते न्यायालय ठरवेल, आपण निवाडा करायचा नाही. पण तो आरोप वाचला तेव्हा मी बराच वेळ पेपर हातात धरून बसले होते. कारण मुलाच्या चुकीवर आईने पांघरूण घालायचं, हे आपल्याकडे आईपणाचं लक्षणच मानलं जातं. मोठ्या घरात काय झालं ते कोर्टात कळेल. लहान घरांत मात्र आपण हे रोज करतो. पोरगं पडून आलं तर बापाला सांगत नाही. पावती फाडली तर दळणाच्या पैशातून भरतो.

त्याच सुमारास, कल्याणीनगरनंतर काही दिवसांतच, आपल्या शिरूर तालुक्यातही एक मृत्यू झाला. अल्पवयीन मुलगी पिकअप चालवत होती, शेजारच्या सीटवर वडील होते. गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरचा तरुण गेला. तेव्हा गावागावांत काय बोललं गेलं? 'बायकांच्या हातात गाडी दिली की असंच.' मला याचा फार राग आला. कल्याणीनगरच्या वेळी कोणी म्हणालं का, की पुरुषांच्या हातात गाडी दिली की असंच? मुलगी चालवत होती हा दोष नव्हताच. तिचं वय झालेलं नव्हतं, तिच्याकडे परवाना नव्हता, आणि हे ज्यांना माहीत होतं ते मोठं माणूस तिच्या शेजारी बसलेलं होतं. दोष तिथे आहे.

आणि एक आठवण दौंड तालुक्याची. ती काढताना जड जातं, कारण या सभेत यवतच्या बाया बसल्या आहेत. जुलै २०१९ मध्ये यवत परिसरातले नऊ तरुण विद्यार्थी रायगड बघून परत येत होते. पुणे-सोलापूर रस्त्यावर कदमवाकवस्तीजवळ मध्यरात्रीनंतर त्यांची गाडी दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर आदळली. नऊही गेले. एका गावच्या पंचक्रोशीतून एका दिवशी नऊ अंत्ययात्रा निघाल्या. ही मुलं अठराच्या पुढची होती. म्हणजे अठरा पूर्ण झाली की सगळं झालं असंही नाही. दिवसभराची दगदग, रात्रीचा प्रवास, गाडी भरून मित्र, हे धोके परवान्याच्या कागदाने जात नाहीत. ते शिकवावे लागतात, आणि आपल्याकडे ते कोणीच शिकवत नाही.

मोठे आकडेही एकदा ऐकून ठेवा. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांत दुचाकीवरची जवळजवळ ४५ टक्के. अठरा वर्षांखालची मुलं साडेनऊ हजार, म्हणजे दिवसाला २६. हेल्मेट न घातलेले ५० हजारांच्या वर मेले. आणि त्यांपैकी १४ हजारांहून जास्त मागे बसलेले होते. मागे कोण बसतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपण बसतो. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू, एका हाताने पदर धरून. पुढच्याच्या डोक्यावर कधीमधी तरी हेल्मेट असतं. आपल्या डोक्यावर पदर असतो.

साडीगार्डचंच घ्या. मागच्या चाकात पदर-ओढणी जाऊ नये म्हणून चाक झाकलेलं असावं आणि मागच्याला धरायला कडी असावी, असा मोटार वाहन नियमांतच नियम आहे. पण मोटारसायकल घरी आली की पोरं पहिल्यांदा काय करतात? साडीगार्ड काढून टाकतात. गाडी 'बायकी' दिसते म्हणे. मग सायलेन्सर बदलतात. म्हणजे आपल्या जिवासाठी जी एक जाळी कायद्याने दिली, तीच त्यांना लाजिरवाणी वाटते. हे बारीक वाटलं तरी बारीक नाही. पोराच्या मनात गाडी ही पुरुष झाल्याची खूण आहे. दाढी फुटायच्या आधी गाडी मिळाली पाहिजे, जोरात पळवली पाहिजे, मागे दोन मित्र बसले पाहिजेत. जो हळू चालवतो त्याला 'बाईसारखा चालवतो' म्हणतात. आपण गेली तीस-चाळीस वर्षं पुरुषीपणाबद्दल बोलतो आहोत, मारहाणीबद्दल, दारूबद्दल बोलतो आहोत. या वेगाबद्दल मात्र बोललो नाही. ज्या पुरुषीपणाने आपण मार खातो, त्याच पुरुषीपणाने आपली पोरं मरतात. रस्त्यावर मेलेल्यांत बहुसंख्य पुरुषच असतात. मागे राहतात त्या विधवा आणि आया.

वेग म्हणजे काय ते एकदा आपल्या मापाने समजून घेऊ. ताशी ६० किलोमीटर हा काही फार मोठा वेग नाही, पोरं याहून जोरात जातात. या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते. म्हणजे दोन नऊवारी लुगडी टोकाला टोक जोडून पसरली तर जेवढी लांबी, तेवढी. समोर म्हैस आडवी आली हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला साधारण एक सेकंद तरी लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच दोन लुगडी संपली. ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला पुढे आणखी तेवढं, किंवा त्याहून जास्त अंतर. आणि वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. हे मी गटाच्या बैठकीत खरोखरच दोरी टाकून दाखवते. एका बैठकीत एक मुलगा दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, 'हे आम्हाला शाळेत कधी सांगितलं नाही.' खरंच सांगत नाहीत. जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो, चित्रकला स्पर्धा होते, निबंध स्पर्धा होते. निबंधाने रस्ता सुरक्षित होत नाही, हे आता तरी कळायला हवं.

आणि आपले रस्ते कसे आहेत? शिरूरला पुणे-नगर रस्ता, दौंडला पुणे-सोलापूर रस्ता. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांची पाळी सुटली की गाड्यांचा लोंढा. वस्तीवरचा कच्चा रस्ता थेट महामार्गाला मिळतो. पलीकडे जायला लांबचा वळसा पडतो म्हणून सगळे उलट्या बाजूने गाडी घालतात, बापच घालतो तर पोरगं काय शिकणार? दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडणी सुरू झाली की रात्री एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मोळ्या बाहेर आलेल्या. अंधारात ती ट्रॉली रस्त्यासारखीच काळी दिसते. अशा रस्त्यावर सोळा वर्षांचं पोर, मागे दोन मित्र, डोक्याला काही नाही.

मी हे बोलते तेव्हा बाया मला एक प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. 'मॅडम, मग दूध कोणी घालायचं? पहाटे बाप पाळीवर असतो. पोरगं दोन कॅन लावून डेअरीवर जातं म्हणून घर चालतं.' आणखी एक विचारतात, 'कॉलेज बारा किलोमीटर आहे. एसटी आठला येते नाहीतर साडेअकराला. मग जायचं कसं?' याला 'कायदा पाळा' एवढं उत्तर पुरत नाही. २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप झाला, तो कित्येक महिने चालला. त्या काळात किती घरांतल्या मुलांच्या हातात गाडी आली आणि ती परत गेली नाही, हे तुम्हीच आठवा. आणि मुलींचं काय झालं? त्या घरी बसल्या. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण पास दाखवायला गाडी तर यायला हवी! बस नाही म्हणून मुलाला मोटारसायकल मिळते, बस नाही म्हणून मुलीची शाळा सुटते. प्रश्न एकच आहे. मुलाला त्यातून मरण येतं, मुलीला लग्न.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की हा प्रश्न केवळ वाहतुकीच्या पोलिसांवर सोडू नका. हा घरातल्या सत्तेचा प्रश्न आहे आणि गावातल्या सोयींचा प्रश्न आहे. दोन्ही आपल्या कामात बसतात.

बाईला गाडी जमत नाही, हे तर आधी डोक्यातून काढून टाका. दौंडच्या बाया रेल्वेच्या गावच्या. सातारा जिल्ह्याच्या सुरेखा यादव या आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली, ती आपल्या दौंडवरूनच गेली. त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या पुरंदर तालुक्यात, सासवडहून अर्चना अत्राम यांनी एसटी बस चालवली. महामंडळाची प्रवाशांनी भरलेली बस बाईने चालवण्याची ती सुरुवात. आणि त्याच्याही शंभर वर्षं मागे जा. दौंड तालुक्यातल्याच केडगावात पंडिता रमाबाईंनी टाकलेल्या, निराधार ठरवलेल्या बायकांच्या हातात छापखाना दिला होता. यंत्र बाईच्या हातात देण्याची परंपरा आपल्याच मातीतली आहे. मी स्वतः गाडी शिकले ती एकोणतिसाव्या वर्षी, नोकरीत वस्त्यांवर फिरावं लागलं म्हणून. पडले, गुडघे फोडून घेतले, पण शिकले. घरी माझ्या भावाला दहावी पास झाल्याची मोटारसायकल मिळाली होती. मलाही दहावीला चांगले मार्क होते. मला मनगटी घड्याळ मिळालं.

आता करायचं काय? मी पाच गोष्टी सुचवते. तुमच्या गटांत चर्चा करा, पटतील त्या घ्या.

पहिली. प्रत्येक गटाने ठराव करावा, की आमच्या कर्जातून घेतलेल्या गाडीची किल्ली १८ वर्षं पूर्ण होऊन परवाना निघाल्याशिवाय मुलाला किंवा मुलीला दिली जाणार नाही. कर्जाच्या अर्जावरच ही अट लिहा. घरी सांगताना बाईला म्हणता येईल, 'मी नाही म्हणत नाही, गट नाही म्हणतो.' एकट्या बाईच्या 'नाही'ला घरात किंमत नसते, गटाच्या 'नाही'ला असते.

दुसरी. जिच्या नावावर गाडी तिने ती शिकायची. आणि अठरा झालेल्या मुलीने परवाना काढायचा, लग्नाआधी. शिकाऊ परवान्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. त्या काळात रविवारी बाजारतळावर नाहीतर शाळेच्या मैदानावर मिळून शिका. परिवहन कार्यालयाला अर्ज देऊन महिलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिर मागा. एकटीदुकटीने गेलं की एजंट गाठतो आणि परीक्षा न देताच कागद मिळवून देतो म्हणतो. तसला परवाना घेऊ नका. तो कागद रस्त्यावर आपल्याला वाचवत नाही.

तिसरी. अठरा झाल्यावरही पहिलं वर्ष नियमाचं ठेवा. न्यूझीलंडने १९८७ साली नव्या तरुण चालकांसाठी परवान्याच्या पायऱ्या केल्या. आधी शिकाऊ, मग मर्यादित, मग पूर्ण. मर्यादित पायरीवर रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवायची नाही आणि मित्रांना बसवायचं नाही. पुढे पुष्कळ देशांनी ती पद्धत घेतली. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण घरात नियम करायला सरकार लागत नाही. पहिलं वर्ष रात्रीची गाडी नाही, तिघं नाहीत, हेल्मेट दोघांना. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं, हेही कायद्यातच आहे. आणि साडीगार्ड जागेवर.

चौथी. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती आपल्या गावात कागदावरच होते का, ते विचारा. तिथे दोन ठराव मांडा. कॉलेजच्या वेळेला एसटी द्या, म्हणून शिरूर आणि दौंडच्या आगारांकडे मागणी. आणि रिफ्लेक्टर, मागचे दिवे नसलेली उसाची ट्रॉली गावातून सुटू देणार नाही, हे साखर कारखान्याला कळवणं. दूध घालण्याचं कामही गटाने वाटून घेता येतं. परवाना असलेली एक बाई चार घरांचं दूध नेईल, लिटरमागे ठरलेले पैसे घेईल. एका गावात बाया असं करायला लागल्या आहेत, फार नाही, पण तीन मुलं मोटारसायकलवरून उतरली आहेत.

पाचवी. अपघात झालाच तर काय करायचं ते पाठ करा. १०८ ला फोन. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायची, साक्षीदार व्हायची सक्ती त्याच्यावर नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना केंद्र सरकारने आणली आहे. माहिती नसली की आपलं डोरलं जातं. आणि 'आपसात मिटवायची' बैठक बसली, तर जिच्या नावावर गाडी ती त्या बैठकीत बसेल, चहा दुसरं कोणीतरी करेल.

शेवटी त्या ताईंचं सांगते. त्यांनी एक दिवस किल्ली काढून घेतली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली. पोराने आदळआपट केली, जेवण टाकलं, पंधरा दिवस आईशी बोलला नाही. नवरा म्हणाला, 'एवढ्यावरून पोराला दुखावतेस?' सासू म्हणाली, 'शेजारच्या पोरालाही गाडी आहेच की.' ताई मला फोनवर म्हणाल्या, 'मॅडम, मी बरोबर केलं ना?' मी हो म्हणाले. पण मैत्रिणींनो, माझं 'हो' त्यांना पुरणार नाही. मी पन्नास किलोमीटरवर राहते. त्यांच्या शेजारणीने 'हो' म्हणायला हवं, आणि नुसतं म्हणून नाही, आपल्याही पोराची किल्ली काढून घ्यायला हवी. एका घरातली किल्ली डब्यात आणि दहा घरांतल्या किल्ल्या पोरांच्या खिशात, तर त्या बाईचा निभाव लागणार नाही.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. गाडीचे कागद काढून बघा, नाव कोणाचं आहे. आपलं असेल तर किल्ली मागून घ्या. पुढच्या बैठकीला या तेव्हा किल्ली बरोबर आणा. कितीजणींना आणता आली आणि कितीजणींना नाही, यावरूनच आपलं पुढचं काम ठरेल.